सूर्यावरचे कुसळ

सूर्याच्या वर्णगोलातून क्षणोक्षणी उसळणाऱ्या तप्त, विद्युद्भारित वायूच्या बारीक धारांना शास्त्रज्ञ ‘स्पिक्यूल’ म्हणतात, आणि आपल्या चैत्राला जिच्यावरून नाव मिळाले त्या चित्रेला पाश्चात्त्य ज्योतिषी ‘स्पायका’ म्हणतात. हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन घराण्यातले आहेत, असे कोशाची पाने चाळताना एके दिवशी ध्यानी आले, आणि तेव्हापासून या कुळाचे दफ्तर उलगडण्याचा मला छंदच जडला.

वस्तूचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूर येथे जान्सेन यांनी आणि पटवर्धनांच्या जमखंडीस लेफ्टनंट हर्शेल यांनी वर्णपटदर्शकातून सूर्यज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. पुढे ग्रहणावाचूनही सूर्याची कड न्याहाळण्याची युक्ती साधली, आणि रोम येथील जेझुइट ज्योतिर्विद अँजेलो सेक्की यांनी या बारीक ज्वालातंतूंचे वर्णन १८७७ मध्ये ग्रंथबद्ध केले. नाव मात्र अडुसष्ट वर्षांनी मिळाले. कोलोरॅडोतील क्लायमॅक्सच्या उंच पहाडावरून सूर्याची कड पाहणारे वॉल्टर ऑर रॉबर्ट्स यांनी १९४५ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘स्पिक्यूल’ हा शब्द घातला.

खरा तंटा येथून पुढे: हे नाव कणसाचे की बाणाचे? लॅटिनमध्ये ‘स्पिका’ म्हणजे धान्याचे कणीस, आणि ‘स्पिकुलुम’ हे त्याच कुळातले लघुत्वदर्शक रूप. परंतु रोमन लेखकांच्या हाती या रूपाचा अर्थ बाणाचे टोक, मधमाशीची नांगी, फेकण्याचा भाला असा झाला. म्हणून बाणपक्षाचे म्हणणे असे की, सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर वेगाने झेपावणाऱ्या वस्तूला शस्त्राचेच नाव शोभते. युक्तिवाद सबळ आहे, पण मला तो मान्य नाही. विसाव्या शतकातील इंग्रजीत ‘स्पिक्यूल’ हा शब्द शस्त्रागारातला राहिलाच नव्हता. स्पंजाच्या सांगाड्यातील सूक्ष्म काट्यांना आणि बर्फाच्या सुयांना तो लावण्याची वहिवाट पडली होती, आणि रॉबर्ट्स यांनी तो निसर्गशास्त्राच्या याच कोठारातून उचलला असे मी निःशंकपणे मानतो. शिवाय भाला एकटा सुटतो. या धारा मात्र सूर्याच्या कडेवर दाटीने उभ्या दिसतात, जाडीने सुमारे ५०० किलोमीटर आणि उंचीने १०,००० किलोमीटरपर्यंत, आणि पाच-दहा मिनिटांत विरून जाऊन दुसऱ्यांना जागा करून देतात. हे लक्षण शस्त्राचे नसून पिकाचे आहे.

आपल्याकडे ज्वारी-बाजरीचे ते कणीस आणि गव्हाची ती ओंबी, असा विवेक आहे. म्हणून कन्या राशीच्या हातातली ‘स्पिका’, म्हणजे आपली चित्रा, ही ओंबीच म्हटली पाहिजे. बन्सी गव्हाची एक ओंबी हाती घेऊन तिच्या कुसळावर बुडाकडून शेंड्याकडे बोट फिरवले तर ते गुळगुळीत लागते, उलट फिरवले तर खरखरते, कारण त्याचे सूक्ष्म दाते सगळे शेंड्याकडे वळलेले असतात; तीच ओंबी मावळत्या उन्हासमोर धरली की एकेक कुसळ वेगळे पेटून उठते. आमच्या वैद्यकानेही हे टोक ओळखले होते: चरकसंहितेत तांदूळ, जव, गहू यांचा वर्गच ‘शूकधान्य’ म्हणून केला आहे, आणि शूक म्हणजे कुसळ. ‘कुसळ’ शब्द कुशावरून आला की ‘शूक’ या शब्दाच्या वर्णविपर्ययातून, हा वेगळा वाद. माझा कौल कुशाला, कारण दर्भाची तीक्ष्णता ‘कुशाग्र’ या शब्दातही टिकून आहे. तेव्हा ‘स्पिक्यूल’ला मराठीत कुसळ म्हणण्याची सनद मला पुरेशी वाटते.

या धारा कशामुळे उसळतात, त्या कारणाची चर्चा थोडक्यात आटोपतो. २००४ मध्ये सूर्यपृष्ठाच्या पाच मिनिटांच्या आंदोलनांशी या धारांचा संबंध जोडला गेला. २००७ मध्ये ‘हिनोदे’ या जपानी उपग्रहाच्या निरीक्षणांतून दुसऱ्या जातीची, सेकंदाला ५० ते १५० किलोमीटर धावणारी आणि दीडशे सेकंदांच्या आतच लोपणारी कुसळे उघड झाली, आणि चुंबकीय क्षेत्राच्या उलथापालथीचा पक्ष बळावला. बाणपक्षाला ही दुसरी जात अनुकूल वाटेल. पण रॉबर्ट्स यांनी नाव ठेवले ते पहिल्या जातीला पाहून.

चैत्री पौर्णिमेस, गव्हाची कापणी होऊन गेलेली असते तेव्हा, सूर्य आपली कुसळे घेऊन पश्चिमेस मावळतो, आणि त्याच सुमारास पूर्वेस चंद्राच्या सोबतीने चित्रा उगवते. त्या सांजवेळी एका क्षितिजावर स्पिका असते, दुसऱ्यावर स्पिकुलुम.