मुस्तफा आणि बसलेला हात

लहानपणी वाकोल्याच्या गेम पार्लरमध्ये एक रुपयात ‘मुस्तफा’ खेळायचो. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉमचा १९९३ सालचा गेम. एक दांडा, दोन बटणं, बस्स! एकदा बाबांनी तिथूनच कान धरून घरी नेलं. “डोळे घालवशील!”

गंमत बघा, त्याआधीच, २००३ मध्ये, ग्रीन आणि बॅव्हेलिये यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला होता. गेम न खेळणाऱ्यांना रोज तासभर, असे १० दिवस अ‍ॅक्शन गेम खेळायला दिला, तर त्यांची नजर एकाच वेळी जास्त गोष्टी टिपू लागली. टेट्रिसवाल्यांना तेवढा फायदा झाला नाही.

मग २००७ मध्ये ३३ सर्जनांची पाहणी आली. पूर्वी आठवड्याला ३ तासांहून जास्त खेळलेल्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७% कमी चुका, वेग २७% जास्त! पण गेममुळे हात बसला, की मुळात चपळ हातच गेमकडे वळले? पाहणीतून ते ठरत नाही.

परवा हे सगळं बाबांना ऐकवलं. ते आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. म्हणाले, “हात ज्या कामावर बसवशील, त्याच कामाला येतो. तू सर्जन झालास का?”

नाही झालो. असो!