राज्यघटना आणि तिचे पहिले वाचक

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी 1948 मध्ये छापून लोकांपुढे ठेवण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो सिद्ध केला होता. संविधान सभेत तो मांडला गेला 4 नोव्हेंबर 1948 रोजी. मधले आठ महिने लोकांनी तो वाचावा आणि त्यावर मत द्यावे यासाठी होते. मसुदा इंग्रजीत होता, आणि 1951 च्या जनगणनेतही देशातले साक्षरतेचे प्रमाण जेमतेम 18 टक्के भरले. इतक्या थोड्या वाचकांच्या देशात मसुदा खुला करणे हा निव्वळ उपचार वाटू शकतो. पण त्या काळातला पत्रव्यवहार वेगळेच सांगतो.

त्याच सुमारास पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्यांचे काम सुरू झाले होते. फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्यांची नावे यादीत कशी घ्यायची, हा मोठाच पेच होता. नाव नोंदवायला त्या ठिकाणी ठरावीक दिवसांचे वास्तव्य लागे, आणि निर्वासितांकडे नेमके तेच नव्हते. येथेच कायमचे राहणार, एवढे लिहून दिले तरी नाव घ्यावे, अशी सूचना संविधान सभेच्या सचिवालयाने दिली. आसामसारख्या प्रांतांत स्थानिक अधिकारी तरीही खळखळ करू लागले, तेव्हा निर्वासितांच्या आणि नागरिकांच्या संघटनांनी दिल्लीला पत्रे धाडली. या पत्रांत त्यांनी मसुद्यातल्या नागरिकत्वाच्या आणि मताधिकाराच्या कलमांवर बोट ठेवले. राज्यघटना अजून अमलात यायची होती, आणि तिच्या आधारे हक्क मागणे मात्र सुरू झाले होते. राज्यघटनेच्या इतिहासातले हे पान संविधान सभेतल्या भाषणांइतकेच मोलाचे आहे.

26 नोव्हेंबर 1949 रोजी राज्यघटना स्वीकारली गेली आणि 26 जानेवारी 1950 पासून ती अमलात आली. मूलभूत हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट कलम 32 ने खुली केली. आंबेडकरांनी या कलमाला राज्यघटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. त्याचा उपयोग किती लवकर झाला, हे सागर जिल्ह्यातल्या विड्यांच्या खटल्यावरून दिसते.

मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने 1948 मध्ये विडी उत्पादनावर नियंत्रण आणणारा कायदा केला. शेतीच्या हंगामात मजुरांची टंचाई पडू नये, हा त्यामागचा हेतू. 1950 मध्ये सागरच्या डेप्युटी कमिशनरने या कायद्याखाली हुकूम काढला, की ठरवून दिलेल्या गावांतल्या कोणीही हंगामात विड्या वळायच्या नाहीत आणि कारखानदारांनी त्यांना कामाला लावायचे नाही. कारखानदार चिंतामण राव आणि एक विडी कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देणारे कलम 19 हा त्यांचा आधार होता. शेतात राबण्याचे अंगात बळ नसलेली म्हातारी माणसे, अपंग, मुले यांचाही रोजगार हा हुकूम हिरावून घेतो, हे न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही. बंदी हेतूच्या मानाने फार व्यापक ठरली आणि नोव्हेंबर 1950 मध्ये त्या कायद्यातली संबंधित तरतूद रद्द झाली. राज्यघटनेला तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. विडी वळणाऱ्या हातांच्या बाजूने तिने इतक्या लवकर निवाडा दिला, ही लहान गोष्ट नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकाचा निकाल लागला होता. मद्रास सरकारने आपल्या प्रांतात त्याला बंदी केली होती. संपादक रोमेश थापर यांनी कलम 19 मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भिस्त ठेवली आणि बंदी उठली. सरकारनेही राज्यघटना बारकाईने वाचली. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने याच स्वातंत्र्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने वाजवी निर्बंध घालण्याची मुभा सरकारला मिळाली. तेव्हापासून राज्यघटना वाचताना मूळ कलमाबरोबर दुरुस्तीचे वर्षही पाहावे लागते. उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द 1976 च्या 42 व्या दुरुस्तीतले आहेत. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला. जुनी प्रत हाती धरून वाद घालणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

महाराष्ट्रात राज्यघटनेचे वाचन शाळांतून रुजवण्याचा प्रयत्न नागपूर जिल्हा परिषदेने 2005 मध्ये केला. ‘संविधान ओळख’ उपक्रमात तिच्या शाळांत उद्देशिका वाचली जाऊ लागली. 26 नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून देशभर पाळण्याचे केंद्र सरकारने 2015 मध्ये जाहीर केले. राज्यातल्या शाळांत रोजच्या परिपाठात उद्देशिका वाचणे जानेवारी 2020 पासून सक्तीचे झाले. उद्देशिका तोंडपाठ होते हे चांगलेच. पण न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द सरकारी हुकुमापुढे उभे करायचे, तर सर्वोच्च न्यायालयाचे दार दाखवणारे कलम 32, उच्च न्यायालयाचे कलम 226 आणि ग्रामसभेला स्थान देणारे कलम 243-क ठाऊक असावे लागते. सागरच्या विडी कामगाराच्या कामी आली ती 19 आणि 32 ही कलमेच, आणि परिपाठात कलमे अजून नाहीत.