‘असंयम’ कुणाचा? लघवी सुटण्याच्या त्रासाचा आणि एका व्याख्येचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी एका आरोग्य-प्रश्नावलीचं मराठी भाषांतर तपासायचं काम माझ्याकडे आलं. सुट्टीत कार्ल्याला घरी गेले होते, म्हणून पहिली चाचणी चुलतीवरच घेतली. प्रश्न होता, ‘आपणांस मूत्र-असंयमाचा त्रास आहे का?’ ती म्हणाली, “नाही बाई.” मग कागद बाजूला ठेवून विचारलं, “खोकलीस, शिंकलीस की लघवी सुटते का?” “ती तर सगळ्यांचीच सुटते!” बोलता बोलता कळलं, की एकवीरेच्या पायऱ्या उतरताना धरवत नाही म्हणून तिने गडावर जाणंच सोडलंय. घरात आम्ही सगळे तिच्या गुडघ्यांना दोष देत होतो. (हे तिला विचारूनच लिहितेय.)

बाई एक, उत्तरं दोन. पहिलं उत्तर तक्त्यात भरलं असतं तर ती निरोगी ठरली असती. म्हणून आज या त्रासावरच्या उपचारांचा इतिहास बघताना एकच प्रश्न हातात धरू: त्या त्या काळी पुरावा कशाला म्हटलं गेलं?

व्यायामाला आकडा मिळाला

या त्रासाचे मुख्य प्रकार दोन. खोकताना, हसताना, हंडा उचलताना सुटते तो एक. आणि अचानक घाईची लागून मोरीपर्यंत पोचवत नाही तो दुसरा. अनेकींना दोन्ही असतात. उपचार वेगवेगळे असल्यामुळे हा फरक आधी करावा लागतो.

पहिल्या प्रकारावर लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. त्यांनी एक साधं उपकरणही केलं, पेरिनिओमीटर. योनीत ठेवलेल्या हवेच्या रबरी भागावर स्नायू आवळले, की बाहेरच्या तबकडीवर काटा हलायचा. बाईला स्वतःलाच दिसायचं, आपण बरोबर करतोय की नाही. पुढे व्यायाम जगभर पसरला, काटा मात्र मागे राहिला. ‘घरी व्यायाम करा’ एवढंच सांगितलं, की बऱ्याच जणी पोट किंवा मांड्या आवळतात, नाहीतर उलट खाली जोर देतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक सूचना म्हणूनच देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आवळण्या असं सांगते. ‘व्यायामाने फरक पडला नाही’ असं वाचलं, की आधी बघा: शिकवला कुणी, तपासला कुणी?

मुंबईचे सर्जन

याच त्रासाची सख्खी बहीण म्हणजे ‘अंग बाहेर येणं’. लहान वयात आणि लागोपाठ बाळंतपणं, मग पुरेशी विश्रांती न घेता जड काम, यामुळे तरुण बायकांचंही गर्भाशय खाली सरकतं. ते काढून टाकलं तर मूल होण्याचा प्रश्नच संपतो. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला माहीत आहेत ते गर्भपिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्यामुळे (१९५५). पण सरकलेलं गर्भाशय न काढता पट्टीने वर बांधायची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने शिकवली जाते. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी त्यासाठी पोटाच्या भिंतीतल्या चिवट पडद्याच्या पट्ट्या वापरल्या. बाईच्याच शरीरातल्या पडद्याची झोळी करून मूत्रनळीला आधार देण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत आल्ड्रिज यांनी १९४२ मध्येच मांडली होती.

यात एक मेख आहे. अंग खाली आलं की कधी कधी मूत्रनळी मुडपते आणि गळती झाकली जाते. शस्त्रक्रियेने ते वर बसवलं की नळी सरळ होते आणि आधी नसलेली गळती सुरू होते. सर्जनच्या नोंदीत शस्त्रक्रिया यशस्वी. बाईच्या लेखी नवा त्रास.

जाळीचा धडा

१९९६ मध्ये स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी पॉलिप्रोपिलीनच्या पट्टीची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. छोटी चीर, स्थानिक भूल, लवकर घरी. ती झपाट्याने पसरली. तिच्यामागून अंग बाहेर येण्यावरही योनीमार्गे मोठ्या जाळ्या बसवायला सुरुवात झाली. अमेरिकेत अशी अनेक उपकरणं ‘आधीच्या उपकरणासारखंच आहे’ एवढं दाखवून बाजारात आली. काही बायकांना जाळी बाहेर येणं, सतत वेदना, संबंधांच्या वेळी त्रास सुरू झाला. अनेकींना ‘हे तुमच्या मनाचं’ असं ऐकावं लागलं. २०१८ मध्ये ब्रिटनने या वापराला स्थगिती दिली. २०१९ मध्ये अमेरिकेने अंग बाहेर येण्यावरच्या योनीमार्गे बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवली. गळतीवरची पट्टी तिथे चालू राहिली. २०२० च्या कंबरलेज अहवालाने बायकांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही, हे स्पष्ट नोंदवलं. लघवी सुटते का, हे मोजलं गेलं होतं. दुखतं का, हे पुरेसं विचारलं नव्हतं.

घाईच्या प्रकारावर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या असतात. जुन्या गटातल्या ऑक्सिब्युटिनिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि वयस्कर बायकांमध्ये स्मरणशक्तीवर परिणामाची काळजी असते. मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने काम करतं, पण ते देताना रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं.

व्याख्या बदलली, बाई मोजली गेली

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची जुनी व्याख्या म्हणायची, की गळती सामाजिक किंवा स्वच्छतेची अडचण ठरली पाहिजे आणि तपासणीत दिसलीही पाहिजे. २००२ मध्ये व्याख्या बदलली: नकळत लघवी सुटल्याची कोणतीही तक्रार. म्हणजे बाईचं सांगणं हाच पुरावा. त्यामुळे जुन्या आणि नव्या अभ्यासांमधले टक्के शेजारी ठेवण्याआधी प्रत्येकाची व्याख्या वाचा.

पण तक्रारच नसेल तर? डॉ. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोन गावं, ६५० बायका. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के. तपासणीत एखादा तरी स्त्रीरोग सापडलेल्या ९२ टक्के. आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास लघवी सुटण्याचा नव्हता, पण धडा तोच आहे. ‘तक्रार नाही’ याचा अर्थ ‘त्रास नाही’ असा होत नाही.

शेवटी शब्दाकडे येते. ‘असंयम’ म्हणजे स्वतःवर ताबा नसणं. आपला पारिभाषिक शब्दच बाईला दोष देतो. मग ती हो कशी म्हणेल? आमच्या प्रश्नावलीत आता तिथे ‘खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना लघवी सुटते का?’ असा प्रश्न आहे. पुढे आणखी एक जोडला: ‘त्यामुळे कुठे जायचं सोडलंय का?’

चुलतीला फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवलाय. तीन महिने अजून व्हायचेत, त्यामुळे निष्कर्ष काढत नाही. तुम्ही मात्र तुमची प्रश्नावली मार्गदर्शकांना दाखवण्याआधी घरातल्या एखाद्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा. ती कुठे थांबते, ते लिहून ठेवा.