एस्कमचा उलटा दगड

जुन्या वास्तूवरून वाद पेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘याचे दगड आणले कुठून?’ आपल्याकडे हा प्रश्न बहुतेक वेळा भांडणासाठीच विचारला जातो. तो समजून घेण्यासाठीही विचारता येतो, हे मला इंग्लंडमधल्या एका खेड्यातील चर्चमुळे कळले.

ईशान्य इंग्लंडमध्ये, डरहॅम परगण्यात एस्कम नावाचे गाव आहे. तिथले चर्च साधारण इ.स. ६७५च्या आसपासचे मानले जाते. त्या काळी दमास्कसमध्ये अमीर मुआविया यांची सत्ता होती. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या निधनाला चाळीसेक वर्षे झाली होती. इतकी जुनी आणि बरीचशी मूळ रूपात उरलेली चर्च इंग्लंडमध्ये मोजकीच आहेत.

वास्तू अगदी साधी आहे. मुख्य दालन उंच आणि अरुंद, लांबी रुंदीच्या जवळपास तिप्पट. पलीकडे वेदीची छोटी खोली. मूळच्या खिडक्या लहान, उंचावर आणि आतल्या बाजूला रुंद होत जाणाऱ्या. त्यामुळे थोडासा उजेडही आत पसरतो. दक्षिण भिंतीवर दगडी छायाघडी आहे. सावलीवरून प्रार्थनेची वेळ ओळखायची, ही रीत जोहर आणि असरची वेळ सावलीवरून ठरवणाऱ्यांना नवखी वाटणार नाही.

खरी गोष्ट आहे ती दगडांची. जवळच बिंचेस्टर इथे रोमन लष्कराचा किल्ला होता. इ.स. ४१०च्या सुमारास ब्रिटनवरची रोमन सत्ता संपली. पुढे गवंड्यांनी तिथलेच घडीव दगड उचलून चर्च बांधले. आतली उंच कमानही रोमन इमारतीतून आणून पुन्हा जोडली असावी, असे अभ्यासक मानतात. उत्तरेच्या भिंतीत सहाव्या रोमन सैन्यदलाचे नाव कोरलेला एक दगड आहे आणि तो चक्क उलटा बसवला आहे! बांधणाऱ्याला अक्षरे वाचता येत नव्हती, की त्याने मुद्दाम तसे केले? दगड काही सांगत नाही. पण तो कुणी उपटला नाही, घासून पुसलाही नाही.

आपल्या दौलताबादची १३१८ची जामा मशीद घ्या. तिच्यात मंदिरांचे खांब आहेत, हे मुसलमानांनी मोकळेपणाने सांगायला हवे. आज तिथे भारतमातेची मूर्ती आहे, हाही त्याच वास्तूचा इतिहास. एस्कम आणि दौलताबाद एकसारखे नाहीत. एकीकडे गेलेल्या सत्तेचा लष्करी किल्ला होता, दुसरीकडे लोकांची श्रद्धास्थाने. हा फरकही लपवू नये. मात्र सातशे वर्षांपूर्वीच्या खांबांचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागणे, हा इतिहास नव्हे.

१८६३मध्ये एस्कमच्या लोकांनी मोठे नवे चर्च बांधले आणि जुने सोडून दिले. त्याचे छप्पर कोसळले. दशकभरानंतर जाणकारांना त्याचे मोल कळले आणि १८७५ ते १८८० या काळात डागडुजी झाली. नवे चर्च पुढे पाडावे लागले. जुने आजही उभे आहे, रोमन दगडांसह.

वास्तू अशाच टिकतात. आधीच्यांची नावे भिंतीत राहू द्यावीत. सुलटी असोत की उलटी, ती वाचायला तेवढे शिकावे.