अकिलिस कंडरेच्या दुखापतींचे प्रतिमांकन

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या अकिलिस कंडरेची झीज किंवा तूट क्ष-किरण, सोनोग्राफी व एमआरआय या तंत्रांनी तपासली जाते. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट, तंतुमय पट्ट्यास कंडरा म्हणतात. हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध. अकिलिस ही मानवी शरीरातील सर्वांत जाड कंडरा असून तिची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते.

प्रत्यक्ष तपासणी

ही कंडरा बहुधा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर तुटते. त्या क्षणी कोणी मागून लाथ मारल्याचा भास अनेकांना होतो. कंडरा पूर्ण तुटल्यावरही इतर कंडरांच्या बळावर पाऊल थोडेफार खाली वाकवता येते व काहींना चालताही येते. त्यामुळे ही दुखापत साधी मुरगळ समजली जाण्याचा धोका असतो. थॉम्पसन चाचणीत रुग्णाला पालथे निजवून त्याची पोटरी दाबतात. कंडरा अखंड असल्यास पाऊल खाली वाकते. पूर्ण तुटली असल्यास सहसा हलत नाही. निदानाचा पाया ही तपासणी असून प्रतिमा तिला पूरक ठरतात.

क्ष-किरण

क्ष-किरण चित्रात अस्थिभंग, कंडरेसोबत उपटून आलेला हाडाचा तुकडा किंवा कंडरेतील कॅल्शियमचा साठा दिसतो. कंडरेतील तंतू मात्र त्यात दिसत नाहीत. म्हणून क्ष-किरण चित्र निर्दोष असणे म्हणजे कंडरा शाबूत असणे नव्हे.

सोनोग्राफी

सोनोग्राफीत निरोगी कंडरा समांतर, उजळ रेषांच्या जुडीसारखी दिसते. ती तुटल्यास या रेषा खंडित होतात व मधल्या फटीत रक्त साठलेले आढळते. तपासणी चालू असतानाच पाऊल हलवून तुटलेली टोके एकमेकांजवळ येतात का, हे पाहता येते. ध्वनिलहरी कंडरेवर काटकोनात न पडल्यास निरोगी भागही काळसर दिसतो. त्यामुळे तपासणाऱ्याचे कौशल्य महत्त्वाचे ठरते.

एमआरआय

एमआरआयमध्ये निरोगी कंडरा एकसंध काळी दिसते. आडव्या छेदात तिची पुढची कड सपाट किंवा किंचित आत वळलेली असते. झीज झालेली कंडरा जाड होते व ही कड फुगीर बनते. टी-२ प्रकारच्या चित्रांत तुटीच्या जागी साठलेला द्रव उजळ दिसतो. घोट्याच्या बाजूंनी वळसा घेणाऱ्या अन्य कंडरा चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, तेथे काही चित्रांत त्या निरोगी असूनही उजळ दिसतात. यास ‘मॅजिक अँगल’ परिणाम म्हणतात.

प्रतिमांचा अर्थ

कोणतीही वेदना नसलेल्या व्यक्तींच्या कंडरांतही झिजेच्या खुणा आढळू शकतात. त्यामुळे अहवालातील नोंदींचा अर्थ रुग्णाची लक्षणे व प्रत्यक्ष तपासणी यांच्याशी ताडूनच लावला जातो.