रोमन स्वाराची तलवार आणि संगणक

रोमन तलवार म्हटली कीं पायदळाचा आखूड ग्लॅडियस डोळ्यांपुढें येतो. घोडेस्वाराचें शस्त्र निराळें होतें. घोड्यावरून खालच्या शत्रूवर वार करावयाचा, तर पातें लांब हवें. ही गरज स्पाथा नांवाच्या तलवारीनें भागविली. ब्रिटनमध्यें कॅराटॅकसाशीं झालेल्या लढाईचें वर्णन करितांना टॅसिटसनें लीजनच्या शिपायांचा ग्लॅडियस आणि साहाय्यक सैन्याची स्पाथा यांचा वेगवेगळा उल्लेख केला आहे. पुढें तिसऱ्या शतकापर्यंत पायदळानेंही हीच लांब तलवार पत्करली.

इ. स. २०१७ मध्यें हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलंडा येथें, इ. स. १२० च्या सुमाराच्या बराकींत, स्वारांच्या दोन तलवारी सांपडल्या. एक लांकडी म्यानासह होती; तिचें टोंक वांकलेलें होतें. शेजारच्या खोलींतील दुसरीचें पातें आणि मुठींत बसणारा त्याचा दांडा शाबूत होता; लांकडी मूठ व म्यान मात्र नव्हतें.

अशा जीर्ण शस्त्राचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घेऊन संगणक त्यांवरून त्रिमितीय प्रतिकृति रचूं शकतो. क्ष-किरणांनीं गंजाखालचें पातें दिसतें. मूळ आकारमानाचा अदमास बांधून लोखंडाची घनता, म्हणजे घन सेंटिमीटरास सुमारें ७.८ ग्रॅम, हिशेबांत धरली, कीं तलवारीचें वजन व तोल यांचा अंदाज करितां येतो. रिकिबीवांचून, चार शिंगांच्या खोगिरावर बसून लढणाऱ्या स्वारास तोलाचा प्रश्न जिवाचाच होता.

येथवर शास्त्राचें काम झालें. आतां दुसऱ्या तलवारीवर पहिलीचें म्यान व अन्यत्र सांपडलेली मूठ चढविण्याचा मोह होतो. तुटक्या मूर्तीस नवा हात जोडला, तर सांधा निदान दिसतो. पडद्यावर सांधाच उरत नाहीं. पुरावा कोठें संपला आणि तर्क कोठें सुरू झाला, हें पाहणाऱ्यास कळत नाहीं. इ. स. २००६ च्या लंडन चार्टरनें हा भेद उघड दाखविण्याचा आग्रह धरला, तो याचसाठीं.

पोथीचा संपादक गळलेलीं अक्षरें कंसांत घालतो. तोच नियम येथें लागू करावा, कल्पित भाग निराळ्या रंगांत दाखवावा, असें आम्हांस वाटतें. आमच्या घरांतील मुलें इतिहास आतां पुष्कळदां पडद्यावरच प्रथम पाहतात. रोमन स्वाराची मूठ त्यांस अवश्य दाखवावी. पण ती सांपडलेली आहे कीं सुचलेली, हेंही त्याच वेळीं सांगावें.