कार्लसन, बेर्ट

(१९४५– ). स्वीडिश ध्वनिमुद्रिका-निर्माते, करमणूक उद्यानाचे संस्थापक आणि १९९१ ते १९९४ या काळात रिक्सदागचे, म्हणजे स्वीडनच्या संसदेचे सदस्य. पश्चिम स्वीडनमधील स्कारा हे लहानसे शहर त्यांची कर्मभूमी. स्टॉकहोमच्या वर्तुळाबाहेरून आलेला माणूस ही ओळख त्यांना व्यापारात उपयोगी पडली आणि पुढे राजकारणातही.

त्यांची मारियान ही ध्वनिमुद्रिका कंपनी १९७०च्या दशकात वाढली. जोडीने नाचण्याच्या लोकप्रिय संगीताला, ज्याला तिथे डान्सबँड म्हणतात, समीक्षक नाके मुरडत; कार्लसन यांनी त्याच संगीतावर धंदा उभा केला. वीकिंगार्ना हा वाद्यवृंद त्यांच्याकडचाच. १९८३ मध्ये कारोला या किशोरवयीन गायिकेचा ‘फ्रेमलिंग’ हा पहिला संग्रह मारियानने काढला आणि तो स्वीडनमधील सर्वाधिक खपाच्या संग्रहांपैकी एक ठरला. पुढच्याच वर्षी मारियानच्या हेरेज या तीन भावांनी युरोव्हिजन गीतस्पर्धा जिंकली. त्याच १९८४ मध्ये स्काराजवळ ‘स्कारा सोमरलांड’ हे उद्यान सुरू झाले. सामान्य कुटुंबाला सुट्टीत काय हवे असते याची कार्लसन यांना पक्की जाण होती.

राजकारणातील त्यांचे भागीदार मात्र अगदी वेगळ्या घरातले होते. इयान वाक्टमाइस्टर हे सरदार घराण्यातील काउंट. अॅल्युमिनियम उद्योगात त्यांनी वरिष्ठ पदे सांभाळली होती. २५ नोव्हेंबर १९९० रोजी ‘दागेन्स न्यूहेतर’ या दैनिकात दोघांनी मिळून आपला पक्षकार्यक्रमच लेखरूपाने मांडला. त्यातून ‘नी डेमोक्राती’ (नवी लोकशाही) हा पक्ष उभा राहिला. कर कमी करा, नोकरशाही आवरा, मद्य स्वस्त करा, परदेशी मदत आणि निर्वासितांचे येणे घटवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सभांमध्ये कार्लसन बिअरचे क्रेट एकावर एक रचून कर आणि सरकारी खर्चाचा हिशेब समजावत. अर्थशास्त्राचे व्याख्यान ऐकायला न येणारा माणूस हे पाहायला थांबे.

१५ सप्टेंबर १९९१च्या निवडणुकीत वर्षही पूर्ण न झालेल्या या पक्षाला ६.७ टक्के मते आणि ३४९ पैकी २५ जागा मिळाल्या. त्या रात्री दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत हे दोघे येताच लिबरल पक्षाचे नेते बेंग्ट वेस्टरबेरी उठून निघून गेले. निर्वासितांविषयीच्या या दोघांच्या भूमिकेचा हा उघड निषेध होता.

कार्ल बिल्ट यांच्या चार पक्षांच्या सरकारकडे १७० जागा होत्या, बहुमताला १७५ लागत. तराजूचा काटा नी डेमोक्रातीच्या हाती आला. पण १९९२च्या शरद ऋतूत क्रोना चलन कोसळू लागले, मध्यवर्ती बँकेने आपला एक व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला, तेव्हा बिल्ट यांनी समझोता केला तो विरोधातील सोशल डेमोक्रॅट पक्षाशी. नव्या पक्षाला बाजूला ठेवूनही देश चालतो, हे तेव्हा दिसून आले.

कार्लसन यांच्या राजकीय कारकिर्दीचे खरे अपयश इथेच आहे. लोकांच्या मनातली नाराजी हेरून ती थोडक्यात मांडण्यात ते तरबेज होते. शाखा बांधणे, खासदारांना एकत्र ठेवणे आणि समित्यांमध्ये चिकाटीने काम करणे यांसाठी लागणारी घडी पक्षाला बसलीच नाही. काही खासदार बाहेर पडले, १९९४ मध्ये वाक्टमाइस्टर यांनी नेतृत्व सोडले, उत्तराधिकाऱ्यावरून भांडणे झाली. त्या वर्षीच्या निवडणुकीत १.२ टक्के मते पडली आणि एकही जागा राहिली नाही. २००० मध्ये पक्ष दिवाळखोर घोषित झाला.

कार्लसन व्यवसायात परतले. ‘फेम फॅक्टरी’ या गायनस्पर्धेच्या कार्यक्रमाने २००२ पासून नव्या पिढीलाही त्यांचा चेहरा ओळखीचा केला. २०१०च्या दशकात त्यांची योकार्यो ही कंपनी आश्रयार्थींना निवास पुरवणाऱ्या मोठ्या खासगी संस्थांपैकी एक बनली. २०१५ मध्ये स्वीडनमध्ये सुमारे १,६३,००० जणांनी आश्रय मागितला होता. निर्वासितांचे येणे घटवण्याच्या मागणीवर निवडून आलेल्या नेत्याने त्यांच्याच निवासाचा व्यवसाय करावा, यावर स्वीडनमध्ये बरीच टीका झाली. स्थलांतराला विरोध करणारा पक्ष रिक्सदागमध्ये पुन्हा पोहोचला तो २०१० मध्ये, २० जागा घेऊन. तो होता स्वीडन डेमोक्रॅट्स.